तिसऱ्या आघाडीचा रोट

आपलं गाव, ता. पारोळा
२१ जुलै २०२५

अक्का,

वाकून नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांग, पण पत्र त्यांच्या हातात देऊ नकोस. ते हसतात.

फोन असताना रुपचंद कागद का खरडतोय, असं तुला वाटेल. अगं, फोनची सोय राहिली नाही. आमच्याकडे हल्ली बोललं की रेकॉर्डिंग निघतं आणि संध्याकाळी चौकात सगळ्यांना ऐकवतात. परवा मी फोनवर सुनंदाला विचारलं, "गवारीची भाजी परत का केलीस?" तर रात्री गावभर चर्चा, की नाना, म्हणजे मी, नाराज आहेत. म्हणून दूधगाडीवाल्या वनाच्या हाती पत्र देतोय. त्याची सासुरवाडी तुमच्या सोनगीरलाच आहे.

तर बातमी अशी की आपला पक्ष फुटला. आपला पक्ष म्हणजे आपली भाऊबंदकीच, कुळातली सगळी घरं त्यात, तुला काय सांगायचं. बाबांनी सायकलला झेंडा बांधला तेव्हापासून आपल्या घरात दुसरं चिन्ह कोणी उच्चारलं नाही. मी तर पोस्टरं चिकटवता चिकटवता आजोबा झालो. आणि फुटलं कशावरून, तर तालुक्याच्या साहेबांच्या वाढदिवसावरून! प्रेमराज म्हणाला, केक आणू आणि तलवारीने कापू. झुलालभाऊ म्हणाले, केकात अंडं असतं, आपला पक्ष धर्माचा आणि परंपरेचा, साहेबांना पाटावर बसवून ओवाळू. प्रेमराज म्हणाला, तलवार हीच परंपरा. झुलालभाऊ म्हणाले, तलवार शत्रूवर चालवतात, क्रीमवर नाही.

मी दोघांच्या मध्ये पडलो. म्हटलं, भांडू नका, शिऱ्याचा केक करू आणि विळीने कापू. अक्का, यात काय चुकलं माझं? एका दुपारी दोघांनी मला आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपातून काढून टाकलं. चुलतभाऊ म्हणवतात!

आता झुलालभाऊंचा 'मूळ गट' आणि प्रेमराजचा 'अस्सल गट'. दिवाळीनंतर पंचायतीची निवडणूक लागेल म्हणतात, दोघांची वेगवेगळी पॅनलं. म्हणून मीही गप्प न बसता 'शुद्ध परंपरा आघाडी' काढली. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष सुनंदा. घोषणा तयार आहे: ना केक, ना तलवार, शुद्ध परंपरा दारोदार!

आणि श्रावणात सगळ्या भाऊबंदकीची मिळून एकच बसते ती कानबाई देवीही त्या दोघांनी यंदा वेगवेगळी बसवायचं ठरवलंय. मग मी का मागे राहू? मीही माझ्या घरी तिसरी बसवणार. गावाला कळू दे, कोणाच्या रोटाच्या जेवणाला किती माणसं बसतात ते. दोन्ही गटांतले कितीतरी जण मला बाजूला घेऊन सांगतात, "नाना, आम्ही तुमनासंगे शेतस." ते सोबत आहेतच, आता तुझा आशीर्वाद हवा.

तुझा,
रुपचंद


सोनगीर
२५ जुलै २०२५

रुपचंद,

आशीर्वाद असतात, पण आज देणार नाही.

पत्र तुझ्या दाजींनीच मोठ्याने वाचलं, माझा चष्मा सापडत नव्हता. शिऱ्याच्या केकपाशी आले आणि त्यांना जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. वना दारात उभा होता, तोही हसला. म्हणजे आता डेअरीपर्यंत सगळ्यांना कळलं असेल.

पक्ष काढ, आघाडी काढ, मला काही घेणं नाही. पुरुषांना कामं नसली की ते असंच काहीतरी काढतात. पण कानबाईला हात लावू नकोस. वेड्या, पॅनल फुटलं तर पाच वर्षांनी जुळतं. कानबाई एकदा वेगळी बसली की वेगळीच राहते, पोरांच्या पोरांपर्यंत. माझ्या सासरी बघ. दोन दिरांचं विहिरीच्या मोटारीवरून वाजलं आणि कानबाया दोन झाल्या. मोटार केव्हाच भंगारात गेली. दोघंही दीर वर गेले. पण सुना अजून एकमेकींच्या दारावरून जाताना मान फिरवतात, कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही. श्रावणात कानबाई बसते त्या रविवारी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आपल्या माहेरी तसं झालेलं मला बघायचं नाही, सरळ सांगते.

दुसरं. तू रोटाचे नियम विसरलास की काय? घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गव्हाची मूठ पडते, त्याचं पीठ होतं, त्या पिठाचा रोट लाटतात आणि तो भाऊबंदकीनेच खायचा. बाहेरच्याला घास देता येत नाही, टाकता तर येतच नाही. उरलेलं पीठ रोज लाटायचं आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचं. उरलं तर दोष लागतो. तुझ्यासंगे 'शेतस' म्हणणाऱ्यांनी आपल्या हाताने गव्हाची मूठ आणून घातली का? की नुसतंच तोंडाने?

सुनंदाला विचार, ती काय म्हणते. तिने उपाध्यक्षपद मागितलं होतं का?

अक्का


आपलं गाव
२९ जुलै २०२५, नागपंचमी

अक्का,

तू उगाच घाबरतेस. इथे वातावरण एकदम चांगलं आहे.

काल मी पारोळ्याच्या बाजारात गेलो होतो. आपला अभ्यास पक्का असावा म्हणून मागच्या निवडणुकीला कोणाकोणाला कोणतं चिन्ह मिळालं होतं, याची चौकशी केली. मला समई हवी. पण ओळखीचा एक जण म्हणाला, नवीन माणसाला मागून काही मिळत नाही, उरलेलं पदरात पडतं, त्याच्या मेव्हण्याला ढोबळी मिरची मिळाली होती. मी म्हटलं, अरे, खान्देशात बिनतिखट मिरची दाखवून मतं कशी मागायची? लोक शेवभाजीचं ताट अंगावर फेकतील. पण तो म्हणाला, मेव्हणा निवडून आला. तेव्हा मिरचीलाही माझी हरकत नाही.

आता मुठींचं सांगतो. तू विचारलंस ते बरोबर, लोकांनी स्वतः येऊन मूठ घालायची असते. पण लोकांची अडचण समजून घे ना! मूळ गटातला माणूस दिवसाढवळ्या गहू घेऊन माझ्या दारी आला तर अस्सल गटवाले फोटो काढतील, आणि अस्सलचा आला तर मूळवाले. म्हणून मीच पुढाकार घेतला. जे जे मला "नाना, तुमनासंगे" म्हणाले, त्यांच्या त्यांच्या नावाने माझ्याच पोत्यातून मूठ घातली. पोरांच्या नावाने पण घातली. सुरतला कामाला असलेल्यांच्या नावाने पण घातली, सणाला येतीलच. अभिमानाने सांगतो, पाटीवर पाटी भरत गेली. माझी मूठ मोठी आहे हे तुला माहीतच आहे, लहानपणी तूच म्हणायचीस.

सुनंदा मध्ये म्हणाली, "अहो, एवढं कोण खाणार?" मी म्हटलं, उपाध्यक्षांनी असं निराशेचं बोलू नये. तेव्हापासून ती फक्त "हं" म्हणते.

परवा गिरणीत नेतो. रविवारी बघ तू, झुलालभाऊंच्या अंगणात कावळा दिसायचा नाही.

रुपचंद


सोनगीर
३० जुलै २०२५

रुप्या,

दळू नकोस! वनाला उभ्या उभ्या हे लिहून देते आहे. पीठ झालं नसेल तर गहू परत पोत्यात घाल. तू, तुझा भूषण आणि नातू, तिघांच्या मुठी ठेव. सुरतची माणसं? अरे, ती दिवाळीला येत नाहीत.

पत्र मिळताच गिरणीत पळ.

अक्का


आपलं गाव
४ ऑगस्ट २०२५, सोमवार

अक्का,

तुझं पत्र काल मिळालं. वनाने ते गाडीत पुढे ठेवलं होतं, त्यावर दुधाच्या किटलीचं झाकण ठेवलं आणि विसरला. मला मिळालं तेव्हा सुनंदा पुरण वाटत होती.

कोणी आलं नाही.

कानबाई छान बसली होती. नारळाला नथ घातली, लुगडं नेसवलं, सुनंदाने डोळे इतके सुंदर काढले की देवी माझ्याकडेच बघतेय असं वाटत होतं. बरं झालं असतं तिने दुसरीकडे बघितलं असतं तर. मी दारात खुर्ची टाकून बसलो, पांढरा सदरा, गळ्यात आघाडीचा गमछा. समोरून माणसं जात होती. जो तो नमस्कार करायचा आणि एक तर झुलालभाऊंकडे वळायचा, नाही तर प्रेमराजकडे. जो सगळ्यात आधी "तुमनासंगे" म्हणाला होता तो अस्सल गटाच्या मांडवात ताटं वाढत होता. माझ्या समोरच्या मांडवात, अक्का! मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने भोपळ्याच्या भाजीच्या पातेल्यात तोंड घातलं.

भूषणला नाशिकच्या कंपनीत सुट्टी नाही मिळाली. नातू पाच वर्षांचा, तिथेच. म्हणजे मी आणि सुनंदा. आज सकाळी विसर्जनाला देवीचा पाट मी डोक्यावर घेतला आणि सुनंदा मागे. दोन्ही गटांच्या मिरवणुका ढोल वाजवत पुढे गेल्या, आम्ही दोघं आपले मागून. मला फार वाईट वाटलं. आजवर एवढी माणसं मागे असायची की नदीवर पोचायला दुपार व्हायची.

पण आता त्याहून मोठं संकट आहे. पीठ! डबा भरून आहे. काल रात्री खाल्लं, आज सकाळी खाल्लं, दुपारी खाल्लं. खीर, पुरण, रोट. मला वाकता येत नाही. सुनंदा बोलत नाही. दुपारी तिने पोळपाट आपटला आणि म्हणाली, "माझा राजीनामा घ्या." म्हणजे आघाडीत फूट पडली.

आता मला एक सांग. तू याच घरात जन्मलीस. रक्त तेच. तर तू येऊन खाल्लंस तर चालणार नाही का? दाजींनाही आण, ते खायला बरे आहेत. शास्त्रात काहीतरी सवलत असेलच. सगळं इतकं कडक धरून चालत नाही, काळ बदललाय.

रुपचंद


सोनगीर
५ ऑगस्ट २०२५

शुद्ध परंपरा आघाडीच्या अध्यक्षांना,

काळ बदलला होय? तुझी आघाडी स्थापन होऊन महिना नाही झाला आणि तू शास्त्रात सवलती शोधायला लागलास! झुलालभाऊ आणि प्रेमराज निदान केकवरून भांडले, तू तर देवीच्या नियमातून पळवाट शोधतोस.

नाही चालणार. मी सोनगीरची. माझा रोट इथला, माझी मूठ तुझ्या दाजींच्या नावामागे. माहेरच्या रोटाकडे बघायचं, वास घ्यायचा आणि परत यायचं, एवढंच आमच्या हातात. दरवर्षी मी तेच करते. तुला कधी दिसलं नसेल.

हे वाक्य लिहिताना मला रडू आलं, तो भाग वेगळा. तुझे दाजी म्हणाले, "जा, खाऊन ये, देवी काही विचारत नाही." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

आता नीट ऐक. कोणाच्या दारी जाऊन हात जोडू नकोस, भाषण करू नकोस, तो गमछा काढ. उद्या सकाळपासून ओट्यावर बस. दार उघडं ठेव. चूल पेटलेली असू दे, सुनंदाला म्हणावं लाटत राहा. आणि सुनंदाची माफी माग. पुढचं काय व्हायचं ते होईल.

अक्का


आपलं गाव
७ ऑगस्ट २०२५

अक्का! अक्का! लाट आली!

काल सकाळी सांगितल्याप्रमाणे ओट्यावर बसलो. (सुनंदाची माफी मागितली, ती "हं" म्हणाली, पण वेगळं "हं".) नऊ-साडेनऊला काय बघतो, तर झुलालभाऊंची बायको ताट घेऊन येतेय, मागे झुलालभाऊ, त्यांचे दोन्ही मुलगे, पुतणे! सरळ ओट्यावर पंगत धरली. म्हणाले, "वाढ, सुनंदा." मी काही विचारायच्या आत प्रेमराज आला, त्याच्यासोबत अस्सल गटाची अख्खी कार्यकारिणी. ओटा केवढासा आपला! बसायला जागा नाही, तर प्रेमराज झुलालभाऊंच्या मांडीला मांडी लावून बसला. तलवार आणि क्रीमनंतर दोघं पहिल्यांदाच इतक्या जवळ.

काय जेवले म्हणून सांगू! झुलालभाऊंनी रोट मागितला की प्रेमराजने दोन मागायचे. प्रेमराजने खिरीची वाटी पुढे केली की झुलालभाऊंनी वाडगा. मी ओळखलं, हे लोक पश्चात्तापाने जेवतायत. म्हणून मी उभा राहून आघाडीची भूमिका मांडली. कोणी विरोध केला नाही. तोंडात घास असताना विरोध करता येत नाही हे खरं, पण मान तर हलवता येते, तीही कोणी हलवली नाही. याला राजकारणात मूक पाठिंबा म्हणतात.

शेवटी मी म्हटलं, जे शुद्ध परंपरेबरोबर आहेत त्यांनी हात वर करा. एकच हात वर झाला, तोही आतून. मी टाळी वाजवणार होतो, तर सुनंदा म्हणाली, "कोणी तरी पानी लई या, माझे हात पिठाचे आहेत." पण सुरुवात म्हणून काय वाईट आहे?

आज पुन्हा सगळे आले. सुरतवाल्यांच्या नावाचंही संपलं. दुपारी सुनंदाने डबा उलटा करून दाखवला. झुलालभाऊ आणि प्रेमराज हात धुताना काहीतरी कुजबुजत होते. बहुतेक दोन्ही गट माझ्या आघाडीत विलीन करायचा विचार चाललाय. मी घाईने होकार देणार नाही. अटी घालीन.

विजयी,
रुपचंद


सोनगीर
८ ऑगस्ट २०२५

रुपचंद,

तुला दोन दिवस आनंदात राहू द्यावं असं दाजी म्हणत होते. पण तू अटी घालायला निघशील आणि सगळं बिघडवशील, म्हणून सांगते.

लाट मी आणली. फोनवरून. माझं रेकॉर्डिंग करायची कोणाची छाती नाही.

झुलालभाऊंच्या बायकोला सांगितलं, रोटाचं पीठ पौर्णिमेपर्यंत उरलं तर दोष एकट्या रुपचंदला नाही, बठ्ठ्या भाऊबंदकीला लागतो. ती म्हणाली, आम्ही वेगळे झालोत ना. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवलंत, देवीला कळवलंत का? मग तिला हळूच सांगितलं की प्रेमराज उद्या अख्खा डबा संपवून गावभर सांगणार आहे, भाऊबंदकी मीच वाचवली. तेवढंच. मग प्रेमराजच्या बायकोला फोन केला आणि तिला झुलालभाऊंबद्दल तेच सांगितलं. दोघं पश्चात्तापाने नाही रे, एकमेकांना हरवायला जेवले.

आणि हात धुताना ते तुझ्यात विलीन व्हायचं बोलत नव्हते. झुलालभाऊंच्या बायकोने सगळं ऐकलं. प्रेमराज म्हणत होता, "भाऊ, पोट फुटायची वेळ आली. पुढच्या वर्षी एकच बसवू." झुलालभाऊ म्हणाले, "मी पण तेच म्हणणार होतो, पण तू आधी बोलावं म्हणून थांबलो."

मी खोटं बोलले. देवी मला काय शिक्षा देईल ती देऊ दे. पण तू गळ्यात गमछा घालून रिकाम्या दारात बसलास हे वाचलं आणि मला दम धरवेना. तू माझा भाऊ आहेस. मूर्ख आहेस, पण माझाच आहेस.

उद्या राखी. सकाळच्या गाडीने येते.

अक्का


आपलं गाव
१८ ऑगस्ट २०२५

अक्का,

तू आलीस, राखी बांधलीस, गेलीस. तेव्हा मी तुझ्याशी धड बोललो नाही, कारण मला राग आला होता. लाट खोटी होती याचा नाही, ती तू आणलीस याचा. मग दोन दिवस विचार केला आणि राग कोणावर काढावा ते सापडेना.

काल झुलालभाऊ आणि प्रेमराज दोघं मिळून घरी आले. मूळ आणि अस्सल एक झाले. पॅनल एकच. केक आणायचा नाही, तलवारही नाही, साहेबांना फोनवरून शुभेच्छा द्यायच्या. मी म्हटलं, मग माझ्या आघाडीचं काय? प्रेमराज तोंडावर म्हणाला, "नाना, मतं आम्ही तुम्हाला देणार नाही. एक पण नाही. उगाच आशेवर राहू नका." बरं वाटलं ऐकून, खरं सांगतो. इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोलणारा तो पहिलाच.

मग झुलालभाऊ खाली मान घालून म्हणाले, "पण पुढच्या वर्षी कानबाई तुझ्या घरी बसव. आमच्या दोघांपैकी कोणाच्याही घरी बसवली तर दुसरा येणार नाही. तुझ्याकडे सगळे येतील."

अक्का, बाबांनी अख्खं आयुष्य झेंडा वाहिला, पण कानबाई कायम मोठ्या काकांच्या घरी बसली. आपल्या ओट्यावर कधीच नाही. मी होकार दिला आणि एकच अट घातली. ती दोघांना कबूल करावी लागली. सुनंदाने आतून विचारलं, "पीठ किती?" प्रेमराज म्हणाला, "वहिनी, या वेळी मुठी आम्ही घालू. नानांना पोत्याजवळ जाऊ देऊ नका."

निवडणुकीला मी उभा राहणारच आहे. हरेन. मिरची घेऊन हरेन. पण माझी अट तुझ्यासाठी होती. पुढच्या वर्षी विसर्जनाच्या सोमवारी नदीवरून आलो की तू यायचंस आणि नुसता वास घेऊन परत जायचं नाहीस. झुलालभाऊ म्हणाले, नियमाचं काय? मी म्हटलं, बठ्ठा गाव मला सोडून गेला तेव्हा एका बाहेरच्या बाईने ही भाऊबंदकी राखली. तिला एक घास देता येत नसेल, तर माझ्या घरी बसवू नका.

झुलालभाऊ उठले, दारात चपला घातल्या. मग म्हणाले, "ताईबाईला दोन वाढ."

तुझा,
रुपचंद